बागेच्या औषधांच्या बाटल्या: मोजायच्या कशा, ठेवायच्या कशा आणि जुन्यांचं काय करायचं?

गच्चीबाग

नमस्कार मंडळी,

कुंड्यांसाठी वेळोवेळी घेतलेल्या बाटल्या एकाच कपाटात साठल्या आहेत. यादी देतो: कीटकनाशकं म्हणजे इमिडाक्लोप्रिड १७.८ एसएल (पाण्यात विरघळणारं द्रव, अर्धी बाटली), सायपरमेथ्रिन १० ईसी (पाण्यात टाकलं की दुधाळ होणारं तेलकट द्रव), बरीच जुनी मॅलॅथिऑन ५० ईसी (तळाशी गाळ, लेबल निम्मं पुसलेलं), तणनाशक ग्लायफोसेट ४१ एसएल, कडुनिंबाचं तेल, पाण्याचा पीएच कमी करायचं द्रावण, ३५ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, कुंड्या धुवायचं ब्लीच आणि कुंड्यांवरचे पांढरे डाग काढायचं व्हिनेगर. शिवाय शीतपेयाच्या एका बाटलीत तपकिरी द्रव आहे. ते काय आहे, कुणालाच आठवत नाही. आणि एक लेबल नसलेली पांढरी बाटली आहे, तिचा तळ फुगून बाहेर आलाय.

घरात लहान मूल आणि मांजर आहे. फवारणी महिन्यातून एखादवेळ, पाच लिटरच्या हातपंपाने. आजवर मात्रा झाकणाने मोजली. यातलं काय एकत्र ठेवायचं नाही, मोजायचं नीट कसं, आणि त्या दोन अनोळखी बाटल्यांचं काय करायचं?

मोजमाप

सुरुवात झाकणापासून करतो, कारण सगळ्यात मोठी चूक तिथेच होतेय.

इमिडाक्लोप्रिड १७.८ एसएलची कुंडीतल्या झाडांसाठी नेहमीची मात्रा लिटरला ०.३ मिली. म्हणजे पाच लिटरच्या पंपाला फक्त १.५ मिली. बाटलीचं झाकण सहज १० मिलीचं असतं, त्यामुळे 'अर्धं झाकण' टाकलं तरी तिप्पटीच्या वर गेलात. चमच्याचंही तेच, घरातले चमचे एका मापाचे नसतातच. बिनसुईची सिरिंज वापरा: २ मिलीची एक आणि १० मिलीची एक. दोन्हींवर पक्क्या मार्करने 'विष' लिहा आणि त्या औषधांच्याच डब्यात ठेवा. सिरिंजचं एक लक्षात असू द्या. ईसी प्रकारच्या औषधात झायलीनसारखे विद्रावक (औषध विरघळवणारे द्रव) असतात, त्यांनी दट्ट्याचं रबर फुगतं. चार-सहा वेळा वापरल्यावर दट्ट्या अडकायला लागतो, मग आपण जोर लावतो आणि औषधाची चिळकांडी थेट चेहऱ्यावर उडते. दट्ट्या जड वाटला की ती सिरिंज बाद. थर्माकोलचा किंवा कडक पारदर्शक प्लास्टिकचा पेला तर घेऊच नका, ईसीने तो विरघळून तळातून गळतो.

बाटलीतल्या औषधाची ताकद किती असते याचा हिशेब एकदा करून बघा. २० ईसी म्हणजे लिटरमागे २०० ग्रॅम सक्रिय घटक. ते लिटरला २ मिली वापरलं की फवाऱ्यात त्याचं प्रमाण पाचशेव्या भागावर येतं. उलट बाजूने बघा: बाटलीतलं १ मिली बोटांवर सांडणं म्हणजे अर्धा लिटर फवारा हातावर ओतून घेण्यासारखं आहे. लोक फवारताना नाकाला रुमाल बांधतात आणि औषध मोजताना मात्र उघड्या हाताने बाटली धरतात. खरी काळजी हवी ती झाकण उघडल्यापासून पंपाचं तोंड बंद होईपर्यंतच्या पाच मिनिटांत.

क्रम असा. बाटली उघड्या हवेत, जमिनीवर, पसरट टबात ठेवा. चेहऱ्यासमोर धरून ओतू नका, मापन कमरेच्या खाली झालं पाहिजे. पंपात आधी निम्मं पाणी, मग मोजलेलं औषध, मग सिरिंज तीनदा त्याच पाण्यात भरून रिकामी करा, मग उरलेलं पाणी. कोरड्या पंपात आधी औषध ओतलं तर ते तळाच्या नळीत शिरून बसतं आणि पहिला फवारा जवळजवळ निर्भेळ औषधाचा निघतो. पाणी भरताना नळाची पाइप पंपातल्या पाण्यात बुडू देऊ नका. नळाचा दाब गेला तर पंपातलं पाणी उलटं ओढलं जाऊन पिण्याच्या पाण्याच्या नळीत जातं.

नोझल तुंबलं तर तोंडाने फुंकायचं नाही. हे इतकं सर्रास केलं जातं की वेगळं सांगावं लागतं. आधी पंपाचा दाब सोडा, नोझल काढा, मऊ ब्रश आणि पाण्याने साफ करा.

आणि लागेल तेवढंच कालवा. वीस-पंचवीस कुंड्यांना एक-दोन लिटर पुरतं, पाच लिटर भरायचं कारण नाही. उरलेलं द्रावण बाटलीत भरून ठेवलं की त्यातूनच तुमच्या त्या तपकिरी बाटलीसारखी बाटली तयार होते.

क्षार_आम्ल

तुमच्या यादीत मला सगळ्यात आधी खटकली ती ब्लीच आणि व्हिनेगर ही शेजारी ठेवलेली जोडी. मातीच्या कुंडीवरचा पांढरा थर काढायला व्हिनेगर लावतात, आणि मग निर्जंतुक करायला तीच कुंडी ब्लीचमध्ये बुडवतात. मध्ये नीट धुतली नाही तर कुंडीच्या छिद्रांत मुरलेलं आम्ल ब्लीचमधल्या सोडियम हायपोक्लोराइटशी भिडतं आणि क्लोरीन वायू सुटतो. मातीची कुंडी सच्छिद्र असल्याने वरवर धुऊन भागत नाही. व्हिनेगरचं काम झालं की कुंडी साध्या पाण्यात रात्रभर भिजवा, पाणी बदला, आणि ब्लीच दुसऱ्या दिवशी. ब्लीचचं प्रमाण एक भाग ब्लीचला नऊ भाग पाणी, वेळ दहा ते तीस मिनिटं, जागा उघड्यावर.

पीएच कमी करायच्या द्रावणाचंही तसंच. त्यात बहुधा फॉस्फोरिक आम्ल असतं, क्वचित नायट्रिक. तेही ब्लीचला भेटलं की क्लोरीन.

ब्लीचचा दुसरा शत्रू अमोनिया. युरिया, अमोनियम सल्फेट, माशांचं आंबवलेलं खत, ताजं शेणखत, यांच्या अवशेषांवर ब्लीच पडलं की क्लोरॅमाइन नावाचे त्रासदायक वायू तयार होतात. डोळे चुरचुरतात, ठसका लागतो. म्हणून कुंडी आधी घासून तिच्यातली माती आणि खत पूर्ण काढायचं, ब्लीच शेवटी. वास आला तर काय चुकलं ते शोधत तिथे थांबू नका, आधी बाजूला व्हा.

पेरॉक्साइडबद्दल जरा विस्ताराने. औषधपेटीत असतं ते ३ टक्के आणि तुमचं ३५ टक्के, दोन्ही पाण्यासारखंच दिसतं. ३५ टक्केवालं कातडीवर पडलं की जागा पांढरी पडते आणि झोंबते, डोळ्यात गेलं तर कायमची इजा होऊ शकते. एक भाग द्रावणाला अकरा भाग पाणी घातलं की ते ३ टक्क्यांच्या आसपास येतं. हे पातळ करतानाच गॉगल घाला, कुंडीत घालताना घातला नाही तरी एकवेळ चालेल.

त्याच्या बाटलीच्या बुचाला वाफ जाण्यासाठी बारीक छिद्र असतं. ते गळतं म्हणून कुणी दुसरं घट्ट बूच लावलं की आतला ऑक्सिजन कोंडतो. पेरॉक्साइड सतत थोडं थोडं मोडत असतं, आणि मातीचा कण, गंज, तांब्याचा अंश आत गेला तर फार झपाट्याने. म्हणून सिरिंज बाटलीत बुडवू नका, लागेल तेवढं स्वच्छ पेल्यात काढा आणि उरलेलं बाटलीत परत ओतू नका. ते व्हिनेगरमध्ये मिसळूनही ठेवू नका, त्यातून पेरॲसिटिक आम्ल बनतं आणि ते दोघांपेक्षा जहाल.

आम्ल पातळ करताना पाण्यात आम्ल ओता. आम्लावर पाणी ओतलं की उष्णतेने उकळी फुटून शिंतोडे उडतात.

ग्लायफोसेट जस्ताचा मुलामा असलेल्या झारीत कधी कालवू नका. त्याची जस्ताशी आणि अस्तर नसलेल्या लोखंडाशी क्रिया होऊन हायड्रोजन सुटतो, आणि तो पेट घेतो. प्लास्टिकची झारी घ्या आणि ती फक्त तणनाशकालाच ठेवा. नंतर त्याच झारीने फुलझाडांना पाणी घातलंत तर उरलेल्या अंशाने पानं पिवळी पडतील.

कपाटकुलूप

साठवणुकीचं मी सांगते.

द्रव खालच्या फळीवर, पावडरी वरच्या. उलट ठेवलं तर बाटली गळून खालच्या पावडरीचे पुडे भिजतात. सगळे द्रव उंच काठाच्या प्लास्टिक टबात, म्हणजे गळलं तरी फळीवर पसरणार नाही. तीन टब करा: कीटकनाशकं आणि तणनाशक एकात, आम्लं आणि व्हिनेगर दुसऱ्यात, ब्लीच तिसऱ्यात. पेरॉक्साइड या तिघांपासून लांब, थंड आणि अंधाऱ्या जागी, उभं. ईसीची औषधं पेट घेणारी असतात, म्हणून जवळ ज्योत किंवा ठिणगी पाडणारं उपकरण नको. बाल्कनीत ऊन येत असेल तर तिथलं कपाटही नको.

कपाटाला कुलूप हवंच. 'उंचावर ठेवलंय' हा पर्याय मला पटत नाही. मूल खुर्चीवर चढतं, आणि उंचावरून बाटली काढताना ती मोठ्यांच्याही तोंडावर सांडते. नुसत्या 'चाइल्डप्रूफ' बुचावरही विसंबू नका, ते मुलाला उशीर लावतं, थांबवत नाही. शिवाय कडांवर औषध वाळलेलं असेल तर ते नीट बसतच नाही.

लेबलवर रुंद पारदर्शक चिकटपट्टी आजच लावा. लेबल पुसतं ते ओघळामुळे: ओतताना बाटलीच्या मानेवरून थेंब खाली येतो आणि नेमका शाई विरघळवत जातो. त्यासाठी ओतताना लेबलची बाजू वर धरा, म्हणजे ओघळ मागच्या बाजूने जाईल. प्रत्येक लेबलचा फोटोही काढून ठेवा, त्यात घटकाचं नाव, टक्के, ईसी/एसएल वगैरे प्रकार, बॅच आणि मुदत वाचता आली पाहिजे.

मॅलॅथिऑन बाद करा. 'जुनं झालं म्हणजे कमी जोर' हा समज इथे उलटा पडतो. मॅलॅथिऑन उष्णतेत पडून राहिलं की त्यातून आयसोमॅलॅथिऑन तयार होतं. आपलं शरीर मॅलॅथिऑन ज्या विकराने (एन्झाइमने) पटकन मोडतं तेच विकर हा पदार्थ अडवतो, त्यामुळे जुनं औषध ताज्यापेक्षा जास्त विषारी होतं. १९७६ साली पाकिस्तानात मलेरिया फवारणीच्या मोहिमेत हेच घडलं. पावडर स्वरूपातल्या मॅलॅथिऑनमध्ये आयसोमॅलॅथिऑन होतं, साधारण ७,५०० कामगारांपैकी २,८०० च्या आसपास लोकांना विषबाधा झाली आणि पाच जण दगावले.

ईसी बिघडलंय का हे बघायचं तर पाण्यात टाकल्यावर ते एकसारखं दुधाळ झालं पाहिजे. दूध फाटल्यासारख्या गुठळ्या किंवा वर तेलाचा तवंग आला तर ते वापरायचं नाही, कारण पंपाचा शेवटचा भाग प्रचंड तीव्र निघतो. तुमच्या मॅलॅथिऑनवर ही परीक्षासुद्धा करू नका. झाकण न उघडता बाजूला काढा.

शीतपेयाची बाटली: वास घेऊन ओळखायचा प्रयत्न नको, मोरीत ओतायची नाही, दुसऱ्या बाटलीत भरायची नाही. हातमोजे घालून ती आहे तशी एका रुंद तोंडाच्या डब्यात उभी ठेवा, भोवती कोरडं व्हर्मिक्युलाइट किंवा वाळू भरा, वर 'अज्ञात रसायन, उघडू नये' असं लिहा आणि घातक कचरा स्वीकारणाऱ्या यंत्रणेकडे द्या. अशा पातळ प्लास्टिकला विद्रावकाने बारीक तडे जातात, म्हणून ती उचलताना मानेला धरू नका, खालून आधार द्या.

गच्चीबाग

फार उपयोगी. टब आणि कुलूप आजच. दोन शंका. एक, हातमोजे कोणते? माझ्याकडे पातळ निळे डिस्पोजेबल आणि बागकामाचे चामडी असे दोन आहेत. दोन, मुलाने तोंडात घातलंच तर मीठ-पाणी देऊन उलटी काढायची असं ऐकलंय, ते बरोबर का?

मोजमाप

हातमोज्यांचं आधी. चामडी अजिबात नको. चामडं आणि कापड औषध शोषून धरून ठेवतात आणि पुढच्या प्रत्येक वेळी ते कातडीला लागत राहतं. पातळ निळे हे शिंतोड्यापुरते, तेही लगेच बदलणार असाल तर. तीव्र औषध हाताळायला ०.३८ मिमी किंवा जास्त जाडीचे, मनगटाच्या वर येणारे, अस्तर नसलेले नायट्राइलचे (एक प्रकारचं कृत्रिम रबर) घ्या. खाली फवारत असाल तर बाही मोज्याच्या बाहेर, डोक्यावर फवारत असाल तर मोजा बाहीच्या बाहेर आणि त्याची कड दुमडलेली, म्हणजे ओघळ आत जाणार नाही. काढण्याआधी मोजे हातावर असतानाच साबणाने धुवा.

घाम पुसायला मोजा कपाळाला लावू नका. कपाळाची त्वचा कोपराखालच्या हातापेक्षा साधारण चौपट शोषून घेते, पॅराथिऑन या कीटकनाशकावरच्या जुन्या चाचण्यांत हे मोजलं गेलंय. जांघेतली नाजूक त्वचा तर याहून कितीतरी जास्त. म्हणून मध्येच लघवीला जायचं झालं तर हात आधी धुवायचे, नंतर तर धुवायचेच. पँटवर तीव्र औषध सांडलं तर 'हे एवढं संपवून बदलतो' असं नको, तिथेच उतरवा.

साधा सर्जिकल मास्क वाफ अडवत नाही. ईसीच्या वासासाठी सेंद्रिय वाफेचं कार्ट्रिज असलेला मास्क लागतो. तो नसेल तर उघड्या हवेत, वाऱ्याकडे पाठ करून मोजा.

प्रथमोपचार_टीप

उलटीचा प्रश्न महत्त्वाचा आहे म्हणून स्पष्ट लिहितो: उलटी काढायची नाही. मीठ-पाणी तर मुळीच नाही, मिठाने मुलाच्या रक्तातलं सोडियम जीवघेणं वाढू शकतं. ईसीमधला विद्रावक पातळ आणि निसटता असतो. उलटी होताना तो श्वासनलिकेतून फुप्फुसात उतरतो आणि रासायनिक न्यूमोनिया होतो. आम्ल किंवा ब्लीच असेल तर अन्ननलिका जाताना एकदा भाजते आणि येताना पुन्हा.

करायचं ते असं. तोंडात राहिलेलं बोटाला कापड गुंडाळून पुसून काढा, शुद्धीत असेल तर चूळ भरायला लावा, लगेच विषबाधा केंद्राला किंवा आपत्कालीन सेवेला फोन करा आणि बाटली किंवा लेबलचा फोटो बरोबर न्या. 'काहीही होत नाहीये' म्हणून थांबू नका. मॅलॅथिऑनच्या गटात डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणं, लाळ, घाम, जुलाब, स्नायू फडफडणं अशी लक्षणं येतात आणि त्यावर ॲट्रोपिन हे औषध चालतं. सायपरमेथ्रिनच्या गटात उपचार वेगळे. डॉक्टरांचा वेळ वाचतो तो लेबलमुळे.

कातडीवर सांडलं तर कपडे आधी काढा, मग साबण आणि भरपूर वाहतं पाणी, पंधरा ते वीस मिनिटं. डोळ्यात गेलं तर पापण्या उघड्या धरून तेवढाच वेळ पाण्याची हलकी धार. लेन्स असेल तर पहिल्या पाच मिनिटांनंतर काढा आणि धार चालू ठेवा. दुसरा डोळा वर राहील असं डोकं कलतं करा, नाहीतर औषध त्यातही जातं. सायपरमेथ्रिन चेहऱ्याला लागल्यावर काही वेळाने मुंग्या आणि चरचर सुरू होते, ऊन आणि घामाने ती वाढते.

मांजराचं: पर्मेथ्रिन-सायपरमेथ्रिनचा गट मांजराचं यकृत नीट मोडू शकत नाही. कुत्र्याला सोसेल एवढ्या मात्रेत मांजराला कंप आणि झटके येतात. फवारलेली पानं पूर्ण वाळेपर्यंत मांजर गच्चीवर नको. अंगावर पडलं तर ते चाटण्याआधी कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाने धुवा आणि तडक पशुवैद्याकडे. घरात माशांची टाकी असेल तर फवारणीच्या वेळी तिचा हवेचा पंप बंद करून टाकी झाका, हा गट माशांनाही घातक आहे.

कडुनिंबाचं तेल 'नैसर्गिक' म्हणून उघड्या फळीवर ठेवू नका. लहान बाळांना ते पाजल्याने झटके, बेशुद्धी आणि मेंदूला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. तेही कुलपातच.

क्षार_आम्ल

कपाटकुलूप यांनी सांडल्यावरचं लिहिलं नाही, ते जोडतो, कारण दोन प्रकारांत उलट वागायचं असतं. कीटकनाशक सांडलं तर पाणी ओतायचं नाही, त्याने ते पसरतं आणि गटारात जातं. कोरडी माती किंवा वाळू टाका, शोषू द्या, पत्र्याच्या तुकड्याने गोळा करून पिशवीत भरा, मग ती जागा साबणाच्या ओल्या फडक्याने पुसा आणि फडकंही त्याच पिशवीत. पण ३५ टक्के पेरॉक्साइड सांडलं तर कापड, भुसा, कोकोपीट यांनी टिपू नका. वाळताना ते तीव्र होत जातं आणि असा पदार्थ पेटू शकतो. तिथे भरपूर पाणीच हवं.

गच्चीबाग

आणि ती फुगलेली पांढरी बाटली?

क्षार_आम्ल

हलवलीत का तिला? नसेल तर हलवू नका. आत दोनपैकी एक शक्यता दिसते: घट्ट बूच लावलेलं पेरॉक्साइड, किंवा आंबणारं घरगुती द्रावण ज्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतोय. पांढरी अपारदर्शक बाटली पेरॉक्साइडची असते म्हणून माझा कल तिकडे आहे, पण अंदाजावर बूच उघडायचं नाही. बूच सैल करताना दाब एकदम सुटतो आणि द्रव चेहऱ्याच्या दिशेनेच उडतो.

मूल आणि मांजर दुसऱ्या खोलीत. कपाटाचं दार उघडं ठेवा, तिच्यावर ऊन पडत असेल तर पडदा ओढून सावली करा, बाजूच्या बाटल्या तिला धक्का न लावता काढता येत असतील तरच काढा. मग अग्निशमन दलाला फोन करून एवढं सांगा: लेबल नसलेली, तळ फुगलेली, पेरॉक्साइड असण्याची शक्यता, साधारण किती मिलीची आणि शेजारी ब्लीच आणि आम्ल आहे का. तळ किती फुगलाय याचा लांबून एक फोटो काढा आणि तासाभराने दुसरा. फुगवटा वाढत असेल तर ते फोनवर आधी सांगा.